चिखल, चिठ्ठी आणि कांदा

'परदेशात इंटर्नशिप' असं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. काचेची चकाचक बिल्डिंग, गळ्यात आयकार्ड, फुकट कॉफी देणारं मशीन आणि 'एक्स्पोजर मिळेल' असं सांगून दिवसभर एक्सेल शीट भरायला लावणारा बॉस. आई सोसायटीत पेढे वाटते, काकू फोटो मागते आणि समोरचे काका 'स्टायपेंड युरोत की रुपयांत?' एवढा एकच मुद्द्याचा प्रश्न विचारतात.

माझी इंटर्नशिप झाली जर्मनीतल्या एका शेतावर. आयकार्डाऐवजी गमबूट, कॉफी मशीनऐवजी थर्मास आणि एक्सेल शीटऐवजी गाजराचे वाफे. घरी सांगितलं तेव्हा बाबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे राहुरीत जे शिकलीस, तेच आता युरो खर्चून पुन्हा शिकणार." आजीने मात्र वेगळंच विचारलं, "का गं, तिकडं मजूर मिळत नाहीत का?" सगळे खो खो हसले. पण आजीचा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे तुमचे मेल्स. 'जॉबचा कंटाळा आलाय, एखाद्या सस्टेनेबल फार्मवर सहा महिने जाता येईल का?' हा प्रश्न हल्ली इतक्या वेळा येतो की त्याला एक आख्खा कॉलम द्यायलाच हवा. जाता येईल. पण तिथे जाऊन नक्की काय शिकायला मिळतं, ते आधी ऐका. मला वाटलं होतं, खताबद्दल शिकेन. शिकले ते पैशाबद्दल.

चेरीचं गाव, इंदूरचं खत

विट्झेनहाउजेन हे नाव पहिल्या फटक्यात उच्चारता आलं तर तुम्हाला माझ्याकडून एक कटिंग. हेसेन राज्यात वेरा नदीच्या काठावरचं हे छोटंसं गाव चेरीसाठी प्रसिद्ध आहे. इतकं, की तिथे दर वर्षी चेरीची जत्रा भरते आणि 'चेरीची राणी'सुद्धा निवडली जाते. कासेल विद्यापीठाचा सेंद्रिय शेतीचा विभाग या गावात आहे. बीएस्सी अ‍ॅग्री करून मी तिथेच मास्टर्सला गेले.

या विभागाची जागा मोठी गमतीची आहे. १८९८ साली इथे जर्मन वसाहतींसाठी शाळा निघाली. आफ्रिकेत वगैरे जाऊन मळे कसे चालवायचे, याचं शिक्षण तरुण जर्मनांना इथे मिळायचं. साहेब घडवण्याचा कारखानाच म्हणा ना! आज त्याच आवारात भारत, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतली पोरं सेंद्रिय शेती शिकतात. उष्ण कटिबंधातल्या पिकांसाठी काचेचं मोठं घर आहे. बाहेर बर्फ पडत असताना आत कॉफी आणि केळीची झाडं बघायची, हा डिसेंबरातला आमचा फुकटातला हिल स्टेशन फण्डा. फक्त उलटा.

आणि कंपोस्टच्या लेक्चरला पडद्यावर चक्क 'इंदूर' हे नाव आलं. अल्बर्ट हॉवर्ड नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होता. काडीकचरा, शेण, माती यांचे थर लावून खत करण्याची त्याने तिथे बसवलेली रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून शिकवली जाते. इथल्या शेतकऱ्यांकडून आपण शिकलो, हे त्याने मोकळेपणानं मान्य केलं होतं. वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. मला इंदूर म्हणजे पोहे, जिलेबी आणि होळकर एवढंच माहीत होतं, पण मी मान अशी डोलावली की जणू ते खत आमच्याच घरामागे तयार झालं होतं.

कोर्सचा भाग म्हणून प्रत्येकाला प्रत्यक्ष काम करायचं होतं. मी निवडलं कासेल आणि ग्योटिंगेन या दोन शहरांना भाजी पुरवणारं एक मध्यम आकाराचं शेत. १ मार्च २०२२ ते ऑगस्टअखेर.

गमबूट डायरी

तिथल्या पहिल्या आठवड्यातली पहिली शिकवण : जर्मन भाषेतही आपल्यासारखं अहो-जाहो आणि अरे-तुरे असतं. 'झी' म्हणजे तुम्ही, 'डू' म्हणजे तू. शेतावर मात्र सगळे डू. जिच्या हाताखाली मी काम करत होते ती पन्नाशीची बाई, तिलाही डू. (तिला आपण इथे नुसतं 'बॉस' म्हणूया.) आमच्या राहुरीत सरांना 'तू' म्हणण्याची कल्पना करून बघा!

दुसरी शिकवण : कंबर नावाचा अवयव शरीरात नेमका कुठे असतो ते. सकाळी सात वाजता सुरुवात. खुरपणी, लावणी, काढणी, धुणं, क्रेट भरणं. जिमला जाऊन जे सहा महिन्यांत होत नाही ते कोबीच्या एका एकरात होतं.

पण डोकं चालवायलाही भरपूर असतं. गाजराचंच बघा. गाजराचं बी उगवायला दोन-तीन आठवडे लावतं, आणि तण काही तेवढं सभ्य नसतं, ते आधी वर येतं. तणनाशक तर मारायचं नाही. मग? गाजर वर यायच्या अगदी आधी गॅसच्या ज्योतीने वाफ्यावरून एक हात फिरवायचा. वर आलेलं तण होरपळतं, जमिनीखालच्या गाजराला धक्का लागत नाही. एक दिवस उशीर झाला तर तणाबरोबर गाजरही गेलं. मग तो दिवस ओळखायचा कसा? वाफ्याच्या एका कोपऱ्यात काचेचा तुकडा ठेवायचा. काचेखाली जरा ऊब असते, तिथलं गाजर थोडं आधी डोकं काढतं. काचेखाली पहिला कोंब दिसला की धावत सुटायचं आणि गॅस पेटवायचा! कुठल्याही अ‍ॅपपेक्षा हे अलर्ट मला जास्त आवडलं.

बिनशंखाच्या गोगलगायी हा तिथला शत्रू नंबर एक. एका रात्रीत लेट्यूसची ओळ साफ. त्यांच्यावर सोडलेली फौज म्हणजे बदकं, ताठ मानेने पळणारी, पाण्याच्या बाटल्यांना पाय फुटल्यासारखी दिसणारी. या जातीचं नाव 'इंडियन रनर'. सगळे मला म्हणायचे, "तुझ्या गावची मंडळी आली." प्रत्यक्षात ही बदकं मूळची इंडोनेशियाकडची. पण मी कशाला सांगतेय!

बाकी खूप काही ओळखीचं निघालं. आपल्याकडे मृग लागल्याशिवाय पेरणीची घाई करू नये म्हणतात ना, तसं तिथे मे महिन्यात ११ ते १५ तारखेला 'बर्फाचे संत' असतात. शेवटची संत सोफी पंधरा तारखेला गेली की मगच नाजूक रोपं उघड्यावर लावायची, नाहीतर कडाक्याची थंडी घात करते. आजोबा ज्याला 'बेवड' म्हणायचे, म्हणजे आधीच्या पिकामुळे पुढच्या पिकाला होणारा फायदा, त्याच्यावर तर तिथलं सगळं गणित उभं. दर काही वर्षांनी प्रत्येक तुकड्यात क्लोव्हर आणि गवत. क्लोव्हर म्हणजे आपल्या लसूणघासाची चुलत बहीण, हवेतला नत्र जमिनीत साठवणारी. थोडक्यात, शेतीचं तंत्र म्हणाल तर बाबा पूर्ण चुकले नव्हते. निम्मं तर घरचंच होतं.

जे घरचं नव्हतं, ते बघायला मिळालं मार्चच्या दुसऱ्या शनिवारी.

चिठ्ठ्यांचा शनिवार

हे शेत बाजारात भाजी विकत नव्हतं. तिथे 'सोलिडारिशे लांडविर्टशाफ्ट' म्हणतात, म्हणजे एकमेकांच्या साथीने केलेली शेती. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेइकेइ' नावाने असंच काही सुरू झालं होतं. जर्मनीत १९८८ मध्ये हॅम्बुर्गजवळच्या बुशबर्गहोफ या शेताने ते पहिल्यांदा केलं आणि २०११ मध्ये अशा शेतांची देशभरातली संघटनाही उभी राहिली.

कल्पना अगदी साधी. शंभर-दोनशे कुटुंबं वर्षभरासाठी शेताची सभासद होतात. भाजीचे पैसे देत नाहीत, शेत चालवण्याचा खर्च उचलतात. त्या बदल्यात जे पिकेल त्यात प्रत्येकाचा वाटा. भाजीवर किंमतच नाही! दर आठवड्याला शहरातल्या ठरलेल्या जागी क्रेट उतरवायचे आणि फळ्यावर लिहायचं : एका वाट्याला गाजर इतकं, बीट इतकं, कोबी एक. आपला वाटा आपणच मोजून न्यायचा. वजनकाटा तिथे असतो, त्याच्यामागे बसलेला माणूस नसतो.

आणि खर्च कोणी किती उचलायचा? त्यासाठी असते बोलीची सभा. एका शाळेच्या हॉलमध्ये सगळे जमले होते. केक, कॉफी, लहान मुलांचा गोंधळ, आपल्या सोसायटीच्या एजीएमसारखंच वातावरण. बॉसने वर्षाचं बजेट पडद्यावर लावलं. बियाणं, जमिनीचं भाडं, डिझेल, ट्रॅक्टरची दुरुस्ती, विमा, पगार. तिचा स्वतःचा पगारसुद्धा. मी तर कानकोंडीच झाले. आपल्याकडे नवरा-बायको एकमेकांना पॅकेज खरं सांगत नाहीत आणि ही बाई दीडशे लोकांसमोर आपला महिन्याचा आकडा वाचून दाखवत होती.

त्यात वेळ भलतीच कठीण. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर हल्ला केला होता आणि त्या आठवड्यात जर्मनीत डिझेलने लिटरला दोन युरोचा टप्पा ओलांडला होता. जानेवारीत केलेलं बजेट मार्चमध्ये रद्दी. शिवाय तेव्हा तासाला ९.८२ युरो असलेलं किमान वेतन ऑक्टोबरपासून १२ युरो करायचं सरकारने ठरवलं होतं. मजुरांच्या दृष्टीने चांगलंच, पण पैसे कुठून येणार?

एकूण खर्चाला सभासदांच्या संख्येने भागून एक सरासरी आकडा सांगितला गेला. मग प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं, मी महिन्याला किती देऊ शकतो. नाव कोणाला कळत नाही, फक्त मोजणाऱ्या दोघांना. विद्यार्थी, एकटी आई, नोकरी गेलेला माणूस सरासरीपेक्षा कमी लिहू शकतात. ज्याचं बरं चाललंय त्याने जास्त लिहावं, अशी अपेक्षा. सक्ती नाही. वाटा मात्र सगळ्यांना सारखाच.

पहिल्या फेरीची बेरीज आली आणि हॉल शांत झाला. बजेटच्या सात टक्के कमी.

बॉस उठली. भाषण नाही, डोळ्यांत पाणी नाही. म्हणाली, "एवढ्यात भागवायचं तर एका माणसाला अर्धवेळ करावं लागेल. कोणाला, ते मी आत्ता सांगू शकत नाही." आणि खाली बसली. पंधरा मिनिटं कॉफी ब्रेक. लोक आपापसात कुजबुजत होते. माझ्या शेजारचे आजोबा खिशातून पाकीट काढून त्यात बघत बसले होते, जसं काही उत्तर आत ठेवलंय.

दुसऱ्या फेरीत बेरीज जमली. थोडी वरच.

टाळ्या वगैरे झाल्या. मी हिशोब करत बसले होते. अजून एक बी जमिनीत पडलं नव्हतं आणि या शेताचा वर्षभराचा पगार झाला होता.

झुकिनी, झुकिनी आणि झुकिनी

आता म्हणाल, मग काय, ऐश! थांबा. खरी परीक्षा तर पुढेच होती.

२०२२ चा उन्हाळा युरोपात भयंकर कोरडा गेला. आपल्याकडे उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं ना, तसं कासेलजवळच्या एडरझे धरणात झालं. धरणाखाली गेलेला आसेल गावचा जुना पूल उघडा पडला आणि लोक त्यावर फिरायला गेले. शेतावर आमची हालत खराब. ब्रोकोलीचे गड्डे मुठीएवढे. लेट्यूस गड्डा न धरताच फुलोऱ्यावर. बटाटा अर्ध्याहून कमी. तगली फक्त झुकिनी, आणि ती अशी तगली की विचारू नका. फळ्यावर लिहायचं तरी काय? बीट, झुकिनी, झुकिनी आणि झुकिनी.

सगळे सभासद काही संत नव्हते, हेही सांगते. एक जण मला फळ्यासमोर ऐकवून गेला की एवढ्या पैशात सुपरमार्केटमधून ट्रॉली भरून आली असती. काहींनी वर्ष संपल्यावर सभासदत्व सोडलं. पण बरेच जण शनिवारी मुलाबाळांसह शेतावर यायचे, वाफ्यांवर गवताचं आच्छादन पसरायला. आणि मुख्य म्हणजे कोणीही महिन्याचे पैसे कापले नाहीत. कापता येत नव्हते, करारच तसा होता. पाऊस गेला, पीक गेलं, पण ऑगस्टचा पगार ऑगस्टमध्येच झाला. बॉसला, ट्रॅक्टर चालवणाऱ्याला, सगळ्यांना.

त्याच उन्हाळ्यात कासेलमध्ये 'डॉक्युमेंटा' हे कलेचं जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं होतं. त्या वर्षी ते भरवणारी मंडळी इंडोनेशियाची होती आणि त्यांची मध्यवर्ती कल्पना होती 'लुम्बुंग', म्हणजे गावाचं सामाईक धान्याचं कोठार. जास्तीचं सगळ्यांनी आत ठेवायचं, गरजेला सगळ्यांनी वापरायचं. प्रदर्शनावर वाद बरेच झाले. पण मी तिथे उभी असताना मला चिठ्ठ्यांची ती टोपलीच आठवत होती.

'सस्टेनेबल' या शब्दाचा अर्थ मला तोवर रासायनिक खत नाही, औषध नाही, प्लॅस्टिक कमी, असा वाटायचा. ते सगळं आहेच. पण माती टिकवणारा माणूसच टिकला नाही, तर ती माती टिकवणार कोण? पाऊस कमी पडेल, गारा पडतील, डिझेल वाढेल, हे जगातल्या प्रत्येक शेतात होतं. प्रश्न एवढाच असतो की त्याचा फटका एकट्याने खायचा की वाटून घ्यायचा.

मामाचा फोन

माझा मामा निफाड तालुक्यात कांदा करतो. लासलगावची बाजारपेठ त्याला जवळ. दर आठवड्याला आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला आणि त्याचा पहिला प्रश्नही ठरलेला, "काय गं, तुमच्या जर्मनीत कांदा काय भाव?"

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याने हा प्रश्न विचारला नाही.

त्या महिन्यात कांद्याचे भाव कसे कोसळले ते आठवतंय? सोलापूरच्या बाजारात बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात उरले दोन रुपये एकोणपन्नास पैसे. त्याला दोन रुपयांचा चेक मिळाला, तोही पुढच्या तारखेचा. तो चेक सगळ्या देशाने टीव्हीवर बघितला. खरिपाचा लाल कांदा साठवून ठेवता येत नाही, त्यामुळे थांबायचीही सोय नव्हती. मामाला थोडा बरा भाव मिळाला, पण खर्च निघाला नाही. तो फक्त म्हणाला, "काढायची मजुरी अंगावर आली बघ." आणि विषय बदलून माझ्या जेवणाची चौकशी करत बसला.

त्याच महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शेताची नवीन वर्षाची बोलीसभा होती. माझी इंटर्नशिप संपली होती, पण बॉसने बोलावलं म्हणून गेले. या वेळी तीन फेऱ्या लागल्या. महागाईने लोकांनी हात आखडले होते. २०२२ मध्ये जर्मनीत सेंद्रिय मालाची एकूण विक्रीसुद्धा घटली होती. पण जमलं.

नंतर खुर्च्या उचलताना मी बॉसला दोन रुपयांच्या चेकची गोष्ट सांगितली. तिला वाटलं, माझं जर्मन कच्चं आहे. आकडा दोनदा विचारला. मग म्हणाली, "पण हा कांदा खाणारे लोक कुठे होते?"

मी काय सांगणार? खाणारे म्हणजे तुम्ही आणि मी. कांदा शंभरीला गेला की आपण फॉरवर्ड आणि जोक पाठवतो. किलोला पाच रुपये झाला की आपल्याला पत्ताही लागत नाही, कारण स्वस्त वस्तूची बातमी आपल्यापर्यंत पोचतच नाही. आणि भाव चढायला लागले की सरकार धावतं ते आपल्यासाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क आलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली. ती उठली मे २०२४ मध्ये. भाव पडला तर शेतकऱ्याचा, चढला तर त्याच्या हातात नाही. सरकारने २०२३ च्या पडझडीनंतर क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं होतं, हे खरं. पण घाव आधी, मलम नंतर.

सगळं गुलाबी नाही

जर्मनीची आरती ओवाळायची म्हणून हे लिहीत नाहीये. तिथेही बहुतेक लोक सुपरमार्केटच्या स्वस्त भाजीवरच जगतात. सभासद होणारे बरेचसे शिकलेले, बऱ्या नोकरीतले. आणि आता आजीचा प्रश्न. तिकडं मजूर मिळत नाहीत का? मिळतात आजी, पण महाग मिळतात. म्हणून काही शेतं इंटर्न ठेवतात. शिकवायचं कमी आणि राबवून घ्यायचं जास्त, असेही नमुने आमच्या बॅचला भेटले. माझं शेत चांगलं होतं, तरी हातखर्चाला मिळणाऱ्या पैशांचा तासाने भागाकार मी एकदाच केला, पुन्हा केला नाही.

तेव्हा जायचंच असेल तर काही गोष्टी पाळा. कोर्सचा भाग म्हणून जाणं सगळ्यात बरं, व्हिसा आणि विमा दोन्ही सरळ होतात. 'वूफ' नावाची चळवळ १९७१ पासून आहे, इंग्लंडमध्ये सुरू झालेली. दिवसातले काही तास शेतावर काम, बदल्यात जेवण आणि राहणं. पगार नाही. पण टुरिस्ट व्हिसावर असं काम चालतं का, हे त्या त्या देशाच्या दूतावासाला आधी विचारा. कामाचे तास, सुट्टी, राहायची खोली, सगळं लेखी घ्या. आधी तिथे राहून आलेल्या दोघांशी तरी बोला. आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न नक्की विचारा : पीक बुडालं तर इथे पैसे कोणाचे बुडतात? उत्तर ऐकलं की ते शेत खरंच किती टिकाऊ आहे, ते कळतं.

चाळीचा एक कोपरा

२०२३ च्या शेवटी मी पुण्याला परत आले. आता बाणेरला एका फूड कंपनीत सोर्सिंगचं काम करते, म्हणजे तुमच्यासारखीच दिवसभर स्क्रीनसमोर. एप्रिल २०२४ मध्ये मामाचा उन्हाळ कांदा निघाला. तो चाळीत टिकतो. निर्यातबंदी होती, बाजारात त्याला किलोला पंधराच्या आसपास मिळत होते. मी ऑफिसमध्ये चिठ्ठ्या फिरवल्या. किलोला २५ रुपये, जून ते नोव्हेंबर दर महिन्याला पाच किलो, सगळे पैसे आगाऊ. म्हणजे ७५० रुपये. टेम्पोभाडं वेगळं. एका वीकएण्डच्या पिक्चर-पॉपकॉर्नचा खर्च.

सदतीस जणांना विचारलं, अकरा जण तयार झाले. लगेच सुरुवात झाली, "कोपऱ्यावर वीसला मिळतोय, आपण पंचवीस का देतोय?" जूनमध्ये हा प्रश्न रोज यायचा. सप्टेंबरात कमी झाला. नोव्हेंबरात कांदा बाजारात साठीच्या पुढे गेला आणि प्रश्न बंद झाला. पण त्या महिन्यात आलेल्या कांद्यातल्या बऱ्याच कांद्यांना कोंब फुटले होते. शेवटी चाळ आहे, फ्रीज नाही. एकीने ते कोंब चिरून पोह्यांवर घातले आणि फोटो पाठवला. दुसऱ्याने पुढच्या वर्षी नको म्हणून सांगितलं.

मामाला मी म्हटलं, "मामा, आता तरी भाव वाढवून मागू या का? तुमचं नुकसान होतंय." तर म्हणाला, "एप्रिलात पैसे घेतले तेव्हा त्यांनी कुरकुर केली का? मग आता मी कशी करू? शब्द दिलाय."

या अकरा घरांनी मामाचं काही भलं झालं नाही. त्याच्या चाळीतला तो एक कोपरा. बाकीचा सगळा कांदा अजून लासलगावच्याच लिलावात जातो आणि पावसाकडे, दिल्लीकडे बघत बसतो. पण एप्रिलात आलेल्या त्या पैशांतून त्याने काढणीची मजुरी भागवली. त्या वर्षी ती अंगावर आली नाही.

परवा फोनवर बोलताना पुन्हा तो जर्मनीचा भाव विचारेल असं वाटलं होतं. त्याने वेगळंच विचारलं, "काय गं, तुझ्या त्या बिल्डिंगीत एकूण ऑफिसं किती?"

मोजून सांगते म्हटलंय.